कुडमुड्याचा आवाज

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाशी करार होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीच्या मुलखात एक आखीव शहर उभे राहत होते. त्याची पहाट कोंबड्याने होणार नव्हती, पाळीच्या भोंग्याने होणार होती. त्याच 1959 सालाचे नाव लावणारा एक कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याने केला. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा तो कायदा. भीक म्हणजे काय, हे सांगताना त्याच्या व्याख्येत एक छोटी यादी येते. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, वस्तू विकणे, अशा कोणत्याही मिषाने सार्वजनिक जागी भिक्षा मागितली किंवा घेतली तर ती भीकच. मध्यप्रदेशाने 1973 मध्ये भिक्षावृत्ती निवारणाचा स्वतःचा कायदा केला आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा इतर कायद्यांबरोबर तोही नव्या राज्याच्या वाट्याला आला.

या यादीत गाणे आणि भविष्य सांगणे शेजारीशेजारी बसले आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने ते बहुधा सहज लिहिले असेल, पण त्या दोन शब्दांची सोबत फार जुनी आहे. आज टॅरोचे पत्ते मांडणारी व्यक्ती शेजारी स्पीकर लावते तेव्हा ती नकळत त्याच सोबतीत येऊन बसते.

पुण्या-नागपुरात आहेत तसे टॅरो सांगणारे आता भिलाईतही आहेत. बैठकीच्या वेळी पुष्कळदा मंद संगीत चालू असते. बासरी, संतूर, तिबेटी वाट्यांचा नाद, पावसाचा आवाज. काही जण ते समोरच्या माणसाचे मन स्थिर व्हावे म्हणून लावतात, काही फक्त स्वतःच्या कानात ठेवतात. काही मुळीच लावत नाहीत, कारण सुराचा भाव पत्त्यावर चढतो असे त्यांना वाटते. तीन तलवारींनी भोसकलेल्या हृदयाचा पत्ता उदास चालीत उलटला तर तो आहे त्याहून दुखरा दिसतो आणि सांगणाऱ्याची जीभ तिकडे वळते. गाणी कशीही उलटसुलट लागू द्यायची आणि पत्ता उलटताना जी ओळ कानावर पडेल तीही उत्तरात धरायची, अशीही एक पद्धत आहे.

हा वाद नव्या जमान्याचा वाटतो. मराठीत तो जुना आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे वाद्य खोलीच्या कोपऱ्यात नसून भविष्य सांगणाऱ्याच्या हातात असे, आणि खोलीही नसे.

*

पिंगळा उजाडण्याआधी येई. खांद्याला झोळी, हातात कंदील आणि दुसऱ्या हातात डमरूच्या आकाराचे लहानसे कुडमुडे. आधी कुडमुडे वाजे, मग गाणे आणि मग घरातल्या माणसांना उद्देशून चार शब्द. बहुतेक शुभ, थोडे सावध करणारे. दान मिळाले की तो पुढच्या दाराशी. पिंगळा हे खरे तर एका लहान घुबडाचे नाव. वडाच्या, चिंचेच्या ढोलीत राहणारे, संध्याकाळी आणि पहाटे किचकिच करणारे ते ठिपकेदार घुबड. माणसातल्या पिंगळ्याला या पक्ष्याची भाषा कळते, रात्री पक्षी जे बोलला ते तो पहाटे गावाला सांगतो, ही समजूत. म्हणजे भविष्य त्याचे नव्हे, पक्ष्याचे. तो फक्त भाषांतर करणारा.

भाषांतराचे काम करणाऱ्याला ही कल्पना ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. मूळ बोलणारा दुसराच आहे, मी फक्त इकडचे तिकडे आणतो, असे म्हणण्यात नम्रता आहे तशी सोयही आहे. शब्द आवडला नाही तर राग पक्ष्यावर काढायचा, आणि पक्षी तर उडून गेलेला.

पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आवाजावरून पुढचे ओळखण्याची विद्या संस्कृतात शास्त्र म्हणून मांडलेली आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोल्हा, कावळा, कुत्रा यांच्या आवाजांचे शकुन सविस्तर दिले आहेत. ज्ञानदेवांच्या विराणीतला कावळा तर मराठी घराघरांत पोचला आहे. तिथे विरहिणी कावळ्याच्या ओरडण्यात पाहुण्याची चाहूल शोधते, त्याला दहीभाताची लालूच दाखवते. याच्याही पलीकडची एक पद्धत म्हणजे उपश्रुती. मनात प्रश्न धरून रात्री बाहेर पडायचे आणि कोणा अनोळखी माणसाच्या बोलण्यातले जे पहिले शब्द कानावर पडतील तेच उत्तर मानायचे. महाभारताच्या उद्योगपर्वात उपश्रुती ही देवीच आहे. लपून बसलेल्या इंद्राचा पत्ता शचीला तिच्यामुळे लागतो. टॅरोच्या बैठकीत मध्येच लागलेल्या गाण्याची ओळ उत्तर म्हणून उचलणारा माणूस उपश्रुतीच करत असतो. जी ओळ त्याच्यासाठी म्हटलेली नाही तीच त्याला खरी वाटते, कारण तिच्यामागे कोणाचा हेतू नाही.

सांगणाऱ्याचा हेतू दिसेनासा करणे हे या साऱ्या पद्धतींचे समान काम आहे. कुडमुडेही तेच करते. ते वाजले की रोजचे बोलणे थांबते, आणि त्यानंतर जो आवाज येतो तो अमक्या गावच्या अमक्या माणसाचा राहत नाही. तो पिंगळ्याचा होतो.

*

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत 'जोशी' या नोंदीखाली काही पोटनावे दिली आहेत. बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी, सरवदे. यातली पहिली तीन नावे वाद्यांची आहेत. सरकारी कागदावर माणसांची ओळख त्यांच्या हातातल्या डमरूवरून झाली आहे. त्याच 'जोशी' शब्दाचा दुसरा धनी म्हणजे गावचा ग्रामजोशी, पंचांग सांगणारा ब्राह्मण. त्याच्याकडे वाद्य नव्हते. त्याच्याकडे पोथी होती, गणित होते, वतन होते. लग्नाची तिथी काढायला लोक त्याच्याकडे जात, तर कुडमुडेवाला स्वतः लोकांच्या दारी येई. शांतपणे कागदावर पाहून सांगितलेले भविष्य ते शास्त्र आणि वाजवून सांगितलेले ते पोटासाठी केलेले सोंग, अशी वाटणी पक्की होत गेली.

भाषेने या वाटणीची नोंद ठेवली आहे. 'कुडमुड्या जोशी' म्हणजे अर्धवट ज्ञानावर धंदा करणारा, असा अर्थ मराठीत रूढ झाला. मग 'कुडमुडा' हे विशेषण जोश्याला सोडून कुठेही लागू लागले. सरकारशी संगनमत करून फोफावणाऱ्या उद्योगधंद्यांच्या व्यवस्थेला अलीकडची मराठी वृत्तपत्रे सर्रास 'कुडमुडी भांडवलशाही' म्हणतात. प्रतिशब्द म्हणून तो झकास आहे. एखाद्या भाषांतरकाराला असा शब्द सुचला की त्याचा दिवस चांगला जातो. पण बँका बुडवणाऱ्या धनिकांना शिवी द्यायला मराठीने नाव उचलले ते पहाटे दारोदार फिरून पसाभर धान्य मागणाऱ्याच्या वाद्याचे. नंदीवाल्याचेही तसेच. त्याच्या बैलाने गुबुगुबूच्या तालावर मान हलवायची आणि आपण कोणाच्याही होला हो म्हणणाऱ्याला नंदीबैल म्हणायचे.

या वाटणीच्या उलट गेलेला मोठा माणूस म्हणजे एकनाथ. पैठणच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातला हा कवी (1533–1599) जोशी, वासुदेव, बहुरूपी अशा दारी येणाऱ्या लोकांची सोंगे घेऊन भारुडे रचतो. जोश्याच्या भारुडात तो पोथीवाल्या जोश्याची भूमिका घेत नाही. दारोदार होरा सांगत फिरणाऱ्याची घेतो. आणि त्या सोंगातून सांगतो काय, तर मनावर फार विसंबू नका, देहाचा भरवसा धरू नका. खरा पिंगळा दान मिळावे म्हणून गोड बोलत असेल. एकनाथांचा जोशी त्याच वाद्याच्या आडून कडू बोलतो आणि तरी लोक चारशे वर्षे ऐकत आले. कीर्तनाच्या उभ्या भाषेत हेच सांगितले असते तर श्रोत्याने जांभई दिली असती. ठेक्यामुळे ते ऐकवते.

*

ठेका नसलेले भविष्यही महाराष्ट्रात आहे, आणि टॅरोच्या मांडणीशी त्याचे अधिक जवळचे नाते आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड-पुरी-करंजी, बाजूला पानसुपारी आणि भोवती वर्तुळात अठरा धान्ये. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे वाघ घराण्यातली माणसे येऊन काय हलले, काय विखुरले, कोणते ढेकूळ अधिक भिजले ते पाहतात आणि वर्षाचा पाऊस, पीक, राजाची गादी याबद्दल सांगतात. टॅरोत जशी प्रत्येक पत्त्याची जागा ठरलेली आणि त्या जागेला अर्थ, तसेच इथे. मांडणी वाचायची असते आणि वाचताना वाद्य वाजत नाही. सगळा भर डोळ्यावर. म्हणून सांगितलेले चुकलेही मोजता येते. अमुक धान्य साधारण येईल म्हटले होते, ते आले की नाही, हे विदर्भातला शेतकरी पुढच्या वर्षी बोलून दाखवतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्तेही वर्षानुवर्षे नेमके तेच करत आले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे चित्र याच्या अगदी उलट. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबा भाकणूक सांगतात. त्याआधी ढोल आणि कैताळ यांचा गजर, भंडाऱ्याने पिवळे झालेले आकाश, उघडी तलवार घेऊन केलेला हेडाम. या साऱ्या आवाजातून येणारे भाकणुकीचे शब्द तुटक आणि कोड्यासारखे असतात. अर्थ नंतर लोक लावतात. इथे वाचायला काही मांडलेले नसते. देव बोलतो आणि माणूस त्याची वाट होतो. विषय दोन्हीकडे तेच, पाऊस, पीक, राजकारण. पण भेंडवळात 'हे मी असे पाहिले' म्हणणारा कोणी असतो, पट्टणकोडोलीत तो नसतो.

मला या दोन गावांतला भेद महत्त्वाचा वाटतो. आवाज जितका मोठा, तितका बोलणाऱ्या माणसाचा वाटा कमी. यात भक्ताला समाधान मिळते हे खरेच. पण हीच गोष्ट धोक्याचीही होऊ शकते. ती कशी, ते पाहायला पुन्हा छत्तीसगडात यायला हवे.

*

मराठी माणूस छत्तीसगडात कारखान्यासाठी आला असे भिलाईत वाटते, पण तो त्याच्या दोनशे वर्षे आधी आला होता. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून गेला. पुढे बिंबाजी भोसल्याने तिथूनच राज्य केले, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करेपर्यंत हा मुलूख नागपूरशी बांधलेला होता. त्यामुळे पहाटे येणाऱ्या माणसांचे चेहरे दोन्हीकडे ओळखीचे वाटतात. मोरपिसांची टोपी घातलेला आपला वासुदेव तो छत्तीसगडचा बसदेवा. त्याच्या डोक्यावर कृष्णाची मूर्ती, हातात खंजिरी आणि करताल, आणि 'जय गंगान' ही टेक. ती इतकी पक्की की पुष्कळ जण त्याला त्याच नावाने ओळखतात. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या जातींची नोंद केली तेव्हा बसदेवांना भटक्या भिक्षेकऱ्यांत घातले आणि त्यांचे एक नाव वासुदेव असेही दिले.

नवरात्रात इथे जोत पेटते, जवारा पेरतात आणि जसगीते गातात. मांदर आणि झांज चढत जातात, एका क्षणी गाणाऱ्यांतला किंवा ऐकणाऱ्यांतला कोणी डोलू लागतो, केस मोकळे सुटतात, आणि लोक म्हणतात, देवता चढली. त्या डोलण्याला छत्तीसगढीत 'झूपना' म्हणतात. त्याला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही. 'घुमणे' तयारच आहे. मराठीत नगाराही घुमतो, घुमटात आवाजही घुमतो आणि अंगात आलेली बाईही घुमते. वाद्याचा नाद आणि देहाचा संचार यांना एकच क्रियापद वापरणाऱ्या भाषेने या दोन्हींचा संबंध कधीच ओळखला आहे. आधी ढोल घुमतो, मग माणूस.

अशा माणसाला प्रश्न विचारले जातात. मूल का आजारी पडते, गाय का आटली, हरवलेले कुठे आहे. जोवर उत्तर 'देवीला नारळ द्या' असते तोवर कोणाचे बिघडत नाही. पण गावात दुखणे रेंगाळले, मुले दगावली, की उत्तर नाव मागते. आणि ते नाव बहुधा एखाद्या बाईचे निघते. विधवा, एकटी, जिच्या वाट्याला थोडीशी जमीन आहे अशी. तिला 'टोनही' म्हणतात. आपल्याकडच्या आषाढी अमावास्येला इथे हरेली असते. शेतीची अवजारे धुऊन पूजतात, दाराला कडुनिंबाची डहाळी लावतात. आनंदाचा सण, पण रात्र टोनहीच्या भीतीची. नाव घेणारा बैगा असो, अंगात आलेला माणूस असो, जाब विचारायला गेले तर उत्तर एकच. मी नाही म्हणालो, देवता म्हणाली. बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही जातो, आणि ज्या वाक्यामुळे हे झाले त्याला धनी नाही.

2005 मध्ये छत्तीसगडने टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. त्यानुसार एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून ओळखणे, दाखवून देणे हाच गुन्हा आहे. छळ झाला तर शिक्षा अधिक, पण नुसते नाव घेणेही पुरे. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यानेही कोणाला करणी करणारा म्हणून बदनाम करणे गुन्ह्यात धरले. या कायद्यांची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा आणि बहुधा खेदाचा विषय आहे. इथे लक्षात घ्यायचे ते त्यांचे तत्त्व. वाजवण्याला, गाण्याला, डोलण्याला ते हात लावत नाहीत. ते वाक्य पकडतात आणि ते उच्चारणाऱ्या तोंडाला मालक ठरवतात.

1959 च्या कायद्याने नेमके उलटे केले होते. तिथे वाक्य काय होते याच्याशी देणेघेणे नव्हते. पिंगळा शुभ बोलला की अशुभ, फसवले की धीर दिला, हे कोणी विचारणार नव्हते. रस्त्यावर वाजवून सांगितले आणि हात पुढे केला, एवढ्यावर माणूस गुन्हेगार.

*

टॅरोचा स्वतःचा इतिहासही या दोन टोकांमध्ये हेलकावे घेतो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारासारख्या दरबारांत हे पत्ते जन्मले ते खेळण्यासाठी. तीनशे वर्षे ते मुख्यतः खेळाचेच होते. 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ याने ते प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचे पुस्तक आहे असे जाहीर केले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे कोणी खोडून काढण्याचा प्रश्न नव्हता. पाठोपाठ अलिएत नावाच्या माणसाने स्वतःचे आडनाव उलटे करून 'एतेला' या नावाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा रीतसर धंदा मांडला. दोघांनीही केले ते पिंगळ्यानेच केलेले. बोलणारा मी नाही, इजिप्त आहे.

युरोपच्या कल्पनेत पत्ते आणि गाणे एकत्र आले ते जिप्सींच्या रूपाने. 1875 मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेल्या बीझेच्या 'कार्मेन' या ऑपेरात तिसऱ्या अंकी तीन बायका साधे पत्ते उलटतात. दोघी हलक्याफुलक्या चालीत प्रियकर आणि पैसा शोधतात, आणि मधेच कार्मेनचा सूर खाली उतरतो, कारण तिच्या हाती मृत्यूचा पत्ता आला आहे. पत्ता प्रेक्षकाला दिसतही नाही. तो कळतो तो सुरातून. प्रत्यक्षातल्या जिप्सींची, म्हणजे रोमा लोकांची, भाषा भारतीय आर्य कुळातली आहे, त्यांचे पूर्वज इकडूनच गेले. आणि त्यांच्या वाट्याला युरोपात तेच आले जे इथे कुडमुड्यांच्या वाट्याला आले. इंग्लंडच्या 1824 च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्यात भविष्य सांगणाऱ्याला लफंग्या-उडाणटप्पूंच्या यादीत टाकले होते.

हा कायदा लागू असतानाच 1909 च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर प्रकाशनाने टॅरोचा तो जोड काढला जो आज जगभर सर्वाधिक चालतो. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ हिची. जन्म लंडनचा, बालपणाचा काही काळ जमैकात, शिक्षण ब्रुकलिनला, काम लंडनच्या रंगभूमीवर. जमैकातल्या अनान्सीच्या लोककथांचे तिचे पुस्तक 1899 मध्ये निघाले होते. म्हणजे तीही इकडचे तिकडे नेणारीच. या बाईची एक सवय तिच्या काळात गाजली. मैफलीत बसून, संगीत ऐकता ऐकता ती चित्रे काढी. बाख, बेथोवन, देबुसी यांच्या रचना चालू असताना तिच्या डोळ्यांपुढे डोंगर, लाटा, आकृत्या उभ्या राहत आणि वादन संपेपर्यंत कागद भरलेला असे. न्यूयॉर्कला छायाचित्रकार स्टीग्लिट्झ यांनी आपल्या दालनात 1907 मध्ये तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. छायाचित्र नसलेले असे ते तिथले पहिलेच प्रदर्शन. 'स्ट्रँड' मासिकाने 1908 मध्ये तिच्या या संगीतचित्रांवर सचित्र लेख छापला.

त्यानंतरच्याच वर्षी तिने टॅरो रंगवला. त्याआधीच्या बहुतेक जोडांत छोट्या छप्पन्न पत्त्यांवर नुसती चिन्हे मोजून काढलेली असत. पाच पेले म्हणजे पाच पेले. तिने प्रत्येकावर एक प्रसंग घातला. सांडलेल्या पेल्यांकडे पाहत उभा असलेला काळ्या झग्यातला माणूस, बर्फात खिडकीखालून लंगडत जाणारे दोन भिकारी. आज कोणीही पुस्तक न पाहता पत्त्यावर बोलू शकते ते या प्रसंगांमुळे. ते रंगवताना खोलीत काही वाजत होते असा दावा मी करणार नाही. पण ज्या डोळ्याने ते रंगवले त्याला ऐकता ऐकता पाहण्याचा सराव होता, हे निश्चित. जोडाला नाव मिळाले प्रकाशकाचे आणि वेटचे. तिला थोडे पैसे मिळाले, चित्रांवरचा पुढचा हक्क नाही. ती 1951 मध्ये कॉर्नवॉलमध्ये कर्ज मागे ठेवून वारली. पत्त्यांवर कोपऱ्यात तिची सही मात्र आहे, वेटोळ्यासारखी, लक्ष देऊन पाहिल्याशिवाय न दिसणारी. म्हणजे या जोडाच्या बाबतीत तरी, बोलणारे कोण याचे उत्तर पत्त्यावरच लिहिलेले आहे.

*

आता भिलाईच्या त्या खोलीत परत येऊ. दार बंद, दर ठरलेला, पैसे मोबाइलवरून दिलेले. सार्वजनिक जागा नाही, म्हणून भिकेचा कायदा लागू नाही. कोणाला टोनही म्हटलेले नाही, म्हणून दुसराही नाही. स्पीकरवर बासरी. पिंगळ्याच्या कुडमुड्याला जे कधी मिळाले नाही ते या बासरीला मिळाले आहे, ती प्रतिष्ठित झाली आहे. हे एका परीने चांगलेच. भविष्य ऐकायला नादाची गरज लागते, ही गोष्ट आपल्या शिकलेल्या वर्गाने शंभर-दीडशे वर्षे पोथीच्या शांततेत दडवून ठेवली होती. आता ती तो पैसे देऊन कबूल करतो.

पण नादाचे काम बदललेले नाही. तो आजही बोलणाऱ्याला थोडे दूर नेतो. घटस्फोट घ्यावा का, नोकरी सोडावी का, गाठ निघाली आहे ती तपासावी की थांबावे, असे प्रश्न घेऊन माणसे तिथे बसतात. बासरीच्या पार्श्वभूमीवर आलेले 'थांबा, ग्रह बदलताहेत' हे वाक्य कोणाचे? पत्त्याचे, विश्वाचे, की समोर बसलेल्या बाईंचे किंवा साहेबांचे? पिंगळ्याच्या बाबतीत या प्रश्नाची धार बोथट होती, कारण तो अर्ध्या मिनिटात पुढच्या दाराशी जाई आणि त्याचे शब्द साऱ्या गल्लीला सारखेच असत. एकनाथांनी आपल्या भारुडाखाली स्वतःचे नाव घातले, सोंग कितीही घेतले तरी. इथे तर एकच माणूस एका माणसाशी तासभर बोलतो.

2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे लागू असलेल्या 1959 च्या त्याच कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. गाऊन, वाजवून, भविष्य सांगून हात पुढे करणारा दिल्लीत तरी त्यामुळे गुन्हेगार राहिला नाही. महाराष्ट्रात ती व्याख्या पुस्तकात आहे. कुडमुडेवाल्यांची मुले-नातवंडे वाद्य सोडून दुसऱ्या कामांना लागली आहेत, आणि त्यांनी ते सोडले म्हणून उसासे टाकण्याचा अधिकार त्यांचे नाव शिवीसारखे वापरणाऱ्या भाषेला फारसा नाही.

म्हणून संगीत लावावे की न लावावे, या वादात मी लावणाऱ्यांच्या बाजूने आहे. लावावे. फक्त पत्ते उलटून झाले, सांगायची वेळ आली, की एकदा ते बंद करावे. आणि मग जे सांगायचे ते 'मला असे वाटते' या तीन शब्दांनी सुरू करून, आपल्या रोजच्या आवाजात सांगावे.